‘कधी मिळेल?’ ते ‘कोणती घेऊ?’

गेले तीन महिने माझ्या फोनवर तीन गाड्या एकमेकींशेजारी उभ्या आहेत. एक ३४९ सीसीची बुलेटच्या घराण्यातली, एक १२५ सीसीची आणि एक साधी १०० सीसीची. मायलेज, वजन, सीटची उंची, महिन्याचा हप्ता, सगळं पाठ झालंय. अकोल्यात टिळक रोडवर चहा पिताना मित्र विचारतात, “मंग, कोनती घेतं बे?” मला काही सांगता येत नाही. गाडी एकच येणार आहे. मला ती नोकरीसाठी हवी आहे आणि बाबांना वावरात जायला. त्यांची जुनी गाडी आता रोज सकाळी किका मारून घाम काढते.

परवा बाबांसमोर फोन धरला, तर हसून म्हणाले, “तुह्या आबाले हा सवालच नव्हता. त्याईले येकच इचार, भेटन कधी?”

आबा म्हणजे माझे आजोबा, शाळामास्तर. १९७६ साली त्यांनी पैसे भरून स्कूटरसाठी नंबर लावला. नंबर आला १९८४मध्ये. तेव्हा बाबा बारावीत होते. आठ वर्षं! आज डिलिव्हरी आठ दिवसांनी म्हटलं तरी आपण चिडतो. म्हणून म्हटलं, आपली गाडी ठरायच्या आधी जरा मागे जाऊन बघू, आपल्याआधीच्या लोकांची गाडी कोण ठरवत होतं.

त्या काळी कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या, हे सरकारी परवान्यात लिहिलेलं असे. खप आहे म्हणून उद्यापासून दुप्पट बनवू, असं कंपनीला करता येत नव्हतं. परकीय चलन कमी, त्यामुळे आयातीवर बंधनं. मागणी वाढत गेली आणि उत्पादन परवान्यापाशी अडलं. सगळ्यात लांब रांग बजाजच्या स्कूटरची होती. या कंपनीचं मूळ आपल्या शेजारचंच. १९४५ साली ती ‘बच्छराज ट्रेडिंग’ म्हणून सुरू झाली, आणि हे बच्छराज म्हणजे वर्ध्याचे शेठ, जमनालाल बजाजांना दत्तक घेणारे. कंपनीने १९४८पासून इटलीची व्हेस्पा आयात केली, पुढे पुण्याजवळ आकुर्डीत स्कूटर बनवली. १९७२मध्ये ‘चेतक’ आली आणि तिच्यासाठी काही वेळा दहा-दहा वर्षं थांबावं लागलं. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे. नंबर लागलेला माणूस गाडी जास्त पैशांत विकून मोकळा होई. लग्नाच्या बोलणीत स्कूटर मागितली जाई, त्यामागे ही टंचाईही होती.

मोटरसायकल हवी असेल तर मुख्यतः तीन नावं. १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली, तिची बुलेट मूळची इंग्लंडची. १९६१मध्ये म्हैसूरला जावा बनू लागली, ती चेकोस्लोव्हाकियाची. तीच पुढे ‘येझदी’ झाली. तिसरी एस्कॉर्ट्सची राजदूत, पोलंडच्या गाडीवर बेतलेली. दुधाचे कॅन लटकवून राजदूत गावोगाव फिरली. १९७३च्या ‘बॉबी’ चित्रपटात तिची छोटी बहीण दिसली आणि लोक त्या गाडीलाच ‘बॉबी’ म्हणू लागले. इंग्लंडमधली मूळ कंपनी सत्तरच्या सुमारास बंद पडली, तरी मद्रासची बुलेट चालूच राहिली. जिथे निवड नसते, तिथे जुनं मॉडेल टिकून राहतं. आज आपण त्याला ‘लेगसी’ म्हणतो आणि त्याचेच जास्त पैसे मोजतो!

ऐंशीच्या दशकात सरकारने दुचाकी कंपन्यांना परदेशी भागीदारीची वाट मोकळी केली आणि चारही जपानी कंपन्या आल्या. टीव्हीएसबरोबर सुझुकी, हीरोबरोबर होंडा, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा, बजाजबरोबर कावासाकी. सगळ्यांच्या गाड्या १०० सीसीच्या. १९८५च्या आरएक्स १००चा आवाज आजही पोट्टे फोनवर ऐकतात. पण गावं जिंकली ती त्याच वर्षीच्या हीरो होंडा सीडी १००ने.

कारण इंजिनात होतं. बाकी तिघी टू-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनात ऑइलही पेट्रोलसोबत जळतं आणि न जळलेलं थोडं पेट्रोल धुराबरोबर बाहेर जातं. सीडी १०० फोर-स्ट्रोक. तिच्यात आत घेणं, दाबणं, जळणं आणि बाहेर टाकणं ही चार कामं वेगवेगळी होतात, व्हॉल्व्ह वेळेवर बंद होतात, पेट्रोल वाया जात नाही. पळायला ती आरएक्सच्या मागे, पण पेट्रोल पंप पंचवीस किलोमीटरवर असलेल्या गावात पळण्याला कोण विचारतो? बाबांनी १९९३मध्ये कापसाचे चुकारे मिळाल्यावर सीडी १०० घेतली. आमच्या घरात दोन गाड्यांमधून एक निवडण्याची ती पहिली वेळ. मित्र आरएक्स घे म्हणत होते. बाबांनी लिटरला किती जाते ते विचारलं आणि विषय संपवला.

आबांची स्कूटर तोवर होतीच, पण ती शहरापुरती. आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, जमीन काळी आणि चिकट. जुलैत वावराच्या वाटेवर चाक फिरलं की माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये बसत जाते आणि शेवटी चाक जाम होतं. मग उतरायचं, काडीने माती काढायची आणि पुन्हा निघायचं. चेतकसारख्या स्कूटरचं चाक दहा इंची, स्प्लेंडरचं अठरा इंची. हा आठ इंचांचा फरक खड्ड्यात आणि चिखलात कळतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी देशभर मोटरसायकलींनी स्कूटरना मागे टाकलं, त्यामागे मायलेज होतं तसे असे रस्तेही होते.

२००१मध्ये बजाजचीच पल्सर आली आणि गाडी कामासाठी घ्यायची की स्वतःसाठी, हा नवा प्रश्न आला. माझी पिढी त्या प्रश्नात वाढली. २०१८मध्ये जावा परत आली, तिला पाहायला आम्ही शोरूममध्ये उगाच जाऊन आलो होतो.

आज मी मोकळेपणाने निवडतोय असं वाटतं खरं. पण बघा. २०२२च्या जूनमध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा एक पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनेस विक्रम झाला. अनेक वर्षं रखडलेल्या त्या रस्त्यावर आता मोठी गाडी पळवावीशी वाटते. माझ्या मनात बुलेट शिरली ती याच रस्त्याने. मग सप्टेंबर २०२५मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के झाला. ३४९ सीसीची गाडी रेषेच्या एक सीसी अलीकडे बसली. आबांच्या वेळी सरकारने रांग ठरवली. माझ्या वेळी किंमत, आणि किमतीबरोबर थोडी इच्छासुद्धा.

फोनवरच्या तक्त्यात एक रकाना मात्र नाही. जुलैत वावरात जाते का?

मित्राची ३५० सीसीची गाडी मागून मी ते करून पाहिलं. पाऊस पडून दोन दिवस झाले होते. शंभर पावलांवर मागचं चाक रुतलं. पावणेदोनशे-दोनशे किलोचं धूड बाहेर काढायला तिघं लागले. बाबा बांधावर उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. साठीला आलेला माणूस ही गाडी एकट्याने कशी काढेल, हे मला तिथे चिखलात उभं राहून कळलं.

गेल्या सोमवारी आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. १०० सीसीची, अठरा इंची चाकांची बुक केली. बुलेटचं काय, तर माझा हप्ता मी वेगळा साठवायला सुरुवात केलीये. आठ वर्षं नक्कीच लागणार नाहीत.

काउंटरवरच्या पोराने विचारलं, “कलर कोणता देऊ?” मी फोनमध्ये कलर शोधत होतो, तेवढ्यात बाबा बोलले, “काळा दे. चिखल दिसत नाई.”