अडखळता प्रतिसाद

उपासनेचा इतिहास लिहिताना आपण बहुधा वास्तू, ग्रंथ आणि धर्मगुरू यांच्यापाशी थांबतो. बाकांवर बसलेल्या माणसांचा आवाज त्यात क्वचितच उमटतो. वसईपुरते तरी हा आवाज वगळून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातील मठ आणि चर्चे पुढे ओस पडली; सभोवतालच्या गावांतील श्रद्धा मात्र टिकली. मिस्सेची भाषा लॅटिन होती. ती कळत नसल्याने वेदीवर मिस्सा चालू असताना अनेक भाविक बाकावर जपमाळ ओढीत. घरात वा गावच्या क्रुसापुढे प्रार्थना होई तेव्हा मात्र प्रत्येकाचा आवाज लागे. तेथे पाद्री नसला तरी अडत नसे. एकाने आरंभ करावा, इतरांनी उत्तर द्यावे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. भाविकांनी मूक प्रेक्षक न राहता जाणतेपणी सहभागी व्हावे, असे त्यात म्हटले होते. लोकभाषांनाही त्याने वाट दिली. वसईत मराठी वेदीवर आली. पण कोणती मराठी? कुपारी घरांत सामवेदी बोलली जाई, इतरत्र वाडवळी. म्हणजे उपासनेची प्रमाण मराठीही अनेकांना शिकूनच घ्यावी लागली. उच्चार घसरणे, वाचकाचे अडखळणे, गीताचा सूर सुटणे हे ओघानेच आले.

लॅटिन गायनाचे सौंदर्य यात हरपले, हा आक्षेप खोटा नव्हे. त्याच दस्तऐवजाने ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान दिले आहे. निष्काळजीपणाला भक्ती म्हणणेही गैर. परंतु निवडक गायकवृंदाने सारेच गायचे ठरवले, तर उरलेले लोक श्रोते होतात. आणि उपासना ही श्रोत्यांसाठी नसते. लहान चर्चमध्ये एक आवाज कमी झाला तरी जाणवतो. तेथे बेसूर माणूसही लागतोच.

साहित्याच्या अभ्यासकांनी यापुढे एक पाऊल जावे. याच वसईतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले; २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. अशा ग्रंथामागे व्यक्तीची प्रतिभा असते, हे खरेच. पण भाषा आपली मानून ती चारचौघांत चुकतमाकत उच्चारणारा समाजही त्यामागे असतो. त्याची नोंद कोणत्याही पुरस्काराच्या यादीत होत नाही. ती इतिहासकारानेच करावयाची असते.