स्वस्त टायर निवडताना काय पाहावे, कोठे बसवावेत?

मोटारीच्या प्रत्येक चाकाचा रस्त्याशी संबंध येतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेतून. ब्रेक, वळण आणि वेग यांचा सारा भार या चार तळहातांएवढ्या रबरावर असतो. तरीही टायर बदलण्याची वेळ आली की पहिला प्रश्न विचारला जातो तो किमतीचा. सोलापूर-विजापूर मार्गालगतच्या मंद्रूप परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सोलापूरपासून सुमारे २५ किलोमीटरवरील या भागात एकाच दिवसात मोटार महामार्गावर वेगाने धावते आणि बाभळीचे काटे पडलेल्या शेतरस्त्यावरही जाते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते. स्वस्त टायर आणि निकृष्ट टायर यांतील फरक अशा ठिकाणी फार लवकर कळतो.

टायर कधी बदलावा?

टायरच्या खोबणीत ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. खोबणीची खोली १.६ मिलिमीटर उरली की हे उंचवटे टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात. नियमानुसार ही अखेरची मर्यादा आहे. पावसाळ्यात पाणी बाजूला सारण्याची क्षमता त्याआधीच कमी झालेली असते, म्हणून खोली ३ मिलिमीटरच्या आसपास आली की खरेदीची तयारी करणे इष्ट. झीज कमी असली तरी बाजूच्या भिंतीवर फुगवटा आला असेल, आतले धागे दिसत असतील किंवा खोल भेगा पडल्या असतील, तर तो टायर तत्काळ काढावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी. दहा वर्षांपलीकडे मात्र टायर कितीही चांगला दिसला तरी वापरू नये.

आकडे काय सांगतात?

टायरवरील '१६५/८० आर १४ ८५ टी' यांसारख्या खुणेत सर्व माहिती असते. १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० हे रुंदीच्या तुलनेत उंचीचे शेकडा प्रमाण, 'आर' म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. ८५ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरवर कमाल ५१५ किलो भार. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा. दुकानात हवा तो आकार शिल्लक नसेल, तर 'हाही चालतो' असे सांगून कमी भारांकाचा टायर पुढे केला जाण्याची शक्यता असते. तो स्वस्त असला तरी घेऊ नये. योग्य आकार आणि हवेचा दाब चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

तितकीच महत्त्वाची खूण म्हणजे लंबवर्तुळातील चार आकडे. '२३२५' याचा अर्थ २०२५ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर. मोठी सवलत मिळत असेल, तर हे आकडे आधी वाचावेत. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक असून त्यासाठीचे मानक आयएस १५६३३ आहे.

किंमत कशी मोजावी?

समजा, एक टायर ३,२०० रुपयांचा असून तो २५,००० किलोमीटर चालतो. दुसरा ४,००० रुपयांचा असून ४०,००० किलोमीटर चालतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरला सुमारे १३ पैसे, तर दुसऱ्याचा १० पैसे पडतो. म्हणजे दुकानात महाग वाटणारा टायर रस्त्यावर स्वस्त ठरतो. मात्र वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालणाऱ्या मोटारीला हा हिशेब लागू पडत नाही. तिचे टायर झिजण्याआधीच जुने होतात. अशा मालकाने नामांकित कंपनीचा साधा, पण ताज्या उत्पादनाचा टायर निवडावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. दर विचारताना तो करासह आहे का, तसेच बसवणावळ, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह त्यात धरले आहेत का, हे स्पष्ट करून घ्यावे. जुन्या टायरचे किती पैसे वजा होणार, हेही आधीच ठरवावे. जुन्या बाजारातील किंवा खोबणी पुन्हा कोरलेल्या टायरच्या वाट्याला जाऊ नये. त्यांच्या आतील इजा बाहेरून दिसत नाही.

कोठे बसवावेत?

काटा निघून झालेले पंक्चर काढणे, हवा भरणे, स्टेपनी बदलणे ही कामे गावातील दुकानात उत्तम होतात. नवे टायर बसवताना मात्र तीन गोष्टी विचाराव्यात: टायर चढवण्याचे यंत्र आहे का, बॅलन्सिंग होते का आणि अलाइनमेंटचे संगणकीय यंत्र आहे का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर गावातच काम करून घेण्यास हरकत नाही. नसेल तर सोलापुरातील सुसज्ज दालनापर्यंत जाणे परवडते. पहारीने चढवलेल्या टायरची कड दुखावू शकते आणि अलाइनमेंट बिघडलेल्या मोटारीत नवा टायरही काही हजार किलोमीटरांतच एका बाजूने झिजतो. बिलावर टायरचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत. उत्पादनातील दोषाबद्दल दाद मागताना ते उपयोगी पडतात.

दोनच टायर घेणे शक्य असेल तर ते मागील चाकांना बसवावेत. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर मोटार गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. एकाच आसावरील दोन्ही टायर मात्र एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे असावेत.

उन्हाळा आणि हवा

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा समज घातक आहे. कमी हवेचा टायर अधिक दबतो, त्याच्या भिंती सतत वाकतात आणि आत उष्णता साठून तो फुटण्याचा धोका वाढतो. सकाळी टायर थंड असताना ठरवून दिलेल्या दाबाइतकीच हवा भरावी. प्रवासात टायर तापून दाब थोडा वाढला तरी ती हवा सोडू नये. गाडीत पाच जण आणि सामान असेल तर पुस्तिकेत पूर्ण भारासाठी दिलेला दाब ठेवावा.

बसवल्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटरने चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला किंचित गुळगुळीत असतो. त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर वेग आवरता ठेवावा आणि पुढील वाहनापासून अधिक अंतर राखावे. स्टेपनीतील हवा महिन्यातून एकदा पाहावी. रात्री महामार्गावर गाडी अडली की तिचीच गरज पडते.