केनिया : घटना कणखर, अंमल कच्चा

पूर्व आफ्रिकेतील केनिया हा देश भारतीयांना ठाऊक आहे तो प्रामुख्याने वन्यजीव अभयारण्यांमुळे, क्रिकेटमुळे आणि तेथे पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या समाजामुळे. मात्र कागदावरील हक्क आणि रस्त्यावरील वास्तव यांतील अंतर समजून घेण्यासाठीही या देशाकडे पाहावे लागते.

एकपक्षीय राजवट

ब्रिटिशांच्या ताब्यातून केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. जोमो केन्याटा यांच्या हाती सत्ता आली आणि लवकरच ती एकवटत गेली. मूळचे गोव्याचे, नैरोबीत जन्मलेले पत्रकार व संसद सदस्य पिओ गामा पिंटो यांनी गोवामुक्तीच्या चळवळीतही भाग घेतला होता. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. स्वतंत्र केनियातील ही पहिली मोठी राजकीय हत्या मानली जाते.

केन्याटा यांच्या निधनानंतर १९७८ मध्ये डॅनियल अराप मोई अध्यक्ष झाले. १९८२ मध्ये घटनादुरुस्ती करून देश कायद्यानेच एकपक्षीय करण्यात आला. नैरोबीतील 'न्यायो हाऊस' या सरकारी इमारतीच्या तळघरात विरोधकांचा छळ होत असे. पुढे न्यायालयांनी यातील अनेक पीडितांना भरपाई मंजूर केली. देशांतर्गत आंदोलने आणि परकीय मदतदारांचा दबाव यांमुळे १९९१ अखेर बहुपक्षीय पद्धत परतली. २००२ मध्ये म्वाई किबाकी यांच्या विजयाने सत्तांतर झाले.

हिंसाचारातून राज्यघटना

डिसेंबर २००७ च्या निवडणुकीचा निकाल वादग्रस्त ठरला. किबाकी आणि रायला ओडिंगा यांच्या समर्थकांतील संघर्षाला वांशिक वळण लागले. अकराशेहून अधिक लोक मारले गेले, तर लाखो विस्थापित झाले. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने फेब्रुवारी २००८ मध्ये समझोता झाला. त्यातूनच २७ ऑगस्ट २०१० रोजी नवी राज्यघटना अमलात आली.

या घटनेने ४७ परगण्यांना निवडून आलेले गव्हर्नर व विधानसभा दिल्या. अध्यक्षाला पाच वर्षांच्या दोनच मुदती मिळतात. विजयासाठी निम्म्याहून अधिक मते आणि निम्म्याहून अधिक परगण्यांत किमान २५ टक्के मते आवश्यक असतात. एका जमातीच्या बळावर सत्ता मिळू नये, हा त्यामागील हेतू. मूलभूत हक्कांच्या सनदेत आरोग्य, निवारा व अन्नाचाही समावेश आहे.

न्यायालयानेही आपले बळ दाखवून दिले. १ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षीय निवडणूक रद्द ठरवली. आफ्रिकेत असे प्रथमच घडले. त्याच वर्षी भारतीय वंशाच्या समाजाला देशातील ४४ वी जमात म्हणून सरकारी मान्यता मिळाली.

प्रश्न कायम

असे असले तरी २००७-०८ च्या हिंसाचाराच्या सूत्रधारांना शिक्षा झाली नाही. उहुरू केन्याटा व विल्यम रुटो यांच्यावरील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातील खटले अनुक्रमे २०१४ व २०१६ मध्ये निष्फळ ठरले. पुढे दोघेही अध्यक्षपदावर होते. निर्वाचित संस्थांत कोणत्याही एका लिंगाचे सदस्य दोन तृतीयांशांहून अधिक नसावेत, हे कलम संसदेने स्वतःलाच लागू केले नाही. त्यामुळे २०२० मध्ये सरन्यायाधीशांनी संसद बरखास्त करण्याचा सल्ला दिला होता.

जून २०२४ मध्ये वाढीव करांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. २५ जून रोजी जमाव संसदेत शिरला आणि पोलिसांनी गोळीबार केला. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष रुटो यांनी वित्त विधेयकावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने या आंदोलनांतील किमान ६० मृत्यू आणि वर्षअखेरपर्यंत ८२ अपहरणांची नोंद केली. जून २०२५ मध्ये एका ब्लॉगलेखक शिक्षकाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाल्यावर असंतोष पुन्हा उफाळला.

विरोधी राजकारणाचा अनेक दशके चेहरा असलेले ओडिंगा यांचे १५ ऑक्टोबर २०२५ रोजी केरळमध्ये उपचारांदरम्यान निधन झाले. घटनेनुसार पुढील सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये अपेक्षित आहे. मतपेटीचा कौल शांततेने स्वीकारला जातो का आणि गोळीबाराचा जाब कोणाला द्यावा लागतो का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर २०१० च्या घटनेचे खरे मोल ठरणार आहे.