टेक्स्चरबदल (दृष्टित्रास कमी करण्यासाठी)

व्हिडिओ गेममधल्या भिंती, जमिनी, छपरे यांवर चढवलेल्या चित्रांत, म्हणजेच टेक्स्चरमध्ये, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून केलेला फेरफार. एकच लहान चित्र शेजारी शेजारी मांडून मोठा पृष्ठभाग भरण्याची रीत जुनी आणि स्वस्त आहे. त्रासाचे मूळही तिच्यातच आहे, कारण तोच नमुना पुन्हा पुन्हा आला की त्याचे पट्टे दिसू लागतात.

ठळक, समांतर पट्टे पाहताना रेषा हलल्याचा भास होतो, नसलेले रंग दिसतात, डोके दुखते. आर्नल्ड विल्किन्स व सहकाऱ्यांनी 1984 मध्ये याची मेंदूशी निगडित कारणे मांडली. दृष्टीच्या कोनातील एका अंशात गडद-फिक्या पट्ट्यांच्या सुमारे तीन जोड्या मावल्या की त्रास सर्वाधिक. पडदा 57 सेंटिमीटरवर असेल, तर एक अंश म्हणजे पडद्यावरचा एक सेंटिमीटर. खेळाबाहेरचा अनुभव घ्यायचा तर एखाद्या मेट्रो स्थानकातल्या सरकत्या जिन्याच्या खाचांकडे पाहावे. अर्धशिशी असणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग टाळलेला बरा.

माइनक्राफ्टमध्ये हे काम विशेष सोपे आहे. तिथे ठोकळ्याची एक बाजू म्हणजे मुळात 16×16 पिक्सेलची पीएनजी फाइल. ती चित्रसंपादकात उघडावी, सर्वांत गडद व सर्वांत उजळ छटा एकमेकींच्या जवळ आणाव्यात आणि त्याच नावाने रिसोर्स पॅकमध्ये, म्हणजे खेळाची चित्रे बदलणाऱ्या फाइलींच्या संचात, ठेवावी. सरासरी रंग मात्र जपावा, नाहीतर दगड आणि खनिज यांतला फरकच कळेनासा होतो. कडेचे पिक्सेल समोरच्या कडेशी जुळले नाहीत तर मैदानभर चौकटींची जाळी उमटते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. नेदररॅक नावाच्या ठोकळ्याच्या जुन्या चित्रातले भडक डाग अनेकांना खुपत. 1.14 आवृत्तीत (2019) यास्पर बूर्स्ट्रा यांची नवी चित्रे आली, तेव्हा तो सौम्य झाला. जुनी चित्रे ‘प्रोग्रॅमर आर्ट’ या नावाने वेगळी मिळतात.

दूरची जमीन चमचमत असेल तर चित्रांना हात लावण्याआधी सेटिंगमधले मिपमॅप चालू करावे. लान्स विल्यम्स यांनी 1983 मध्ये मांडलेल्या या तंत्रात अंतरानुसार चित्राच्या लहान प्रती वापरल्या जातात.

लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा धोका वेगळा. जपानमध्ये 16 डिसेंबर 1997 रोजी पोकेमॉनचा एक भाग पाहून शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. प्रकाशामुळे झटके येणाऱ्यांनी टेक्स्चरबदलावर विसंबू नये.

अनेक ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांत फाइल बदलणे ही फसवणूक मानली जाते आणि खाते बंद होऊ शकते. तिथे कॉन्ट्रास्ट पडद्याच्याच बटणाने उतरवावा लागतो.