महाडमधील विंचूदंश-संशोधन आणि स्वायत्त चेतासंस्थेचे औषधशास्त्र

स्वायत्त चेतासंस्थेच्या औषधशास्त्राचा इतिहास लोवी, डेल, आलक्विस्ट अशा पाश्चात्त्य नावांभोवती फिरतो. अ‍ॅड्रेनलीनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींचे अल्फा व बीटा हे वर्गीकरण रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८ साली मांडले. त्याचा एक अत्यंत फलदायी उपयोग कोकणातील महाडसारख्या गावी झाला.

कोकणातील लाल विंचवाचे विष चेतातंतूंच्या सोडियम मार्गिका मिटू देत नाही. त्यामुळे चेताटोकांतून संदेशवाहक रसायनांचा लोट उसळतो. प्रथम अ‍ॅसिटिलकोलीनमुळे वांत्या, दरदरून घाम व लाळ. मागोमाग नॉरअ‍ॅड्रेनलीन व अ‍ॅड्रेनलीनमुळे रक्तदाबात वाढ, थंडगार हातपाय आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी. दंश झालेल्यांत शेतकरी, मजूर आणि मुले अधिक. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम नोंदविला. हृदयावरील धोक्याची पूर्वलक्षणे सांगणारा डॉ. हिंमतराव यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढील उपचाराचा खरा पाया हे निरीक्षणच होय. औषध नंतर आले.

घाम व वांत्या पाहून अ‍ॅट्रोपीन देणे वरकरणी तर्कशुद्ध वाटते. परंतु त्यामुळे हृदयावरील परानुकंपी लगाम सुटतो आणि अ‍ॅड्रेनलीनच्या लाटेला रान मोकळे मिळते. बीटा-रोधकांनीही अल्फा ग्राहींवरील मारा कायम राहतो व हृदय अधिकच दुर्बळ होते. रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन मात्र केवळ अल्फा-१ ग्राही रोखते. नॉरअ‍ॅड्रेनलीनच्या स्रावाला आवर घालणारे अल्फा-२ ग्राही ते अबाधित ठेवते. शिवाय ते तोंडावाटे देण्याजोगे व स्वस्त, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातले. (ग्रामीण वैद्यकात ही बाब गौण नव्हे.) १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा उपचार प्रसिद्ध झाला. गंभीर रुग्णांतील सुमारे ३० टक्क्यांचा मृत्युदर पुढे ४ टक्क्यांच्या खाली आल्याचे बावस्करांच्या नोंदी सांगतात.

प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते, विष निष्प्रभ करीत नाही. ही मर्यादा ओळखून बावस्कर दांपत्यानेच प्रतिविषाची चाचणी घेतली. ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. ७० रुग्णांपैकी प्राझोसिनसह प्रतिविष मिळालेले ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिनवर ३५ पैकी ८. प्राझोसिन मात्र दोन्ही गटांना दिले गेले होते.