संगीताच्या परीक्षा गुणांसाठी सुरू झाल्या नव्हत्या!

दहावीचं वर्ष जवळ आलं की आमच्या तालुक्याच्या गावात गाण्याच्या क्लासवाल्यांचे फोन वाजायला लागतात. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, 'किती परीक्षा दिल्या म्हणजे गुण मिळतात?' शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा पास झालेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून हा प्रश्न. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण या परीक्षा कुणी आणि कशासाठी सुरू केल्या, हे माहीत असलं तर या गुणांकडे बघायची नजर बदलते. म्हणून ही जरा लांब पोस्ट. वेळ काढून वाचा.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाणं शिकायचं म्हणजे काय होतं? गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा एखादी चीज पदरात पडायची. किती वर्षांत किती शिकवणार याचा हिशेब नाही. काही उस्ताद तर खास बंदिशी घराबाहेर जाऊच देत नसत. या पद्धतीतून थोर गवई तयार झाले, हे खरंच. पण ज्याची कुठे ओळख नाही, ज्याला घर सोडून राहता येत नाही, त्याला हे दार बंद होतं. मुलींचा तर विचारच नको. चांगल्या घरच्या मुलीनं गाणं शिकणं म्हणजे बदनामी, असा तो काळ.

हे दार उघडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं ते विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्याच भागातले. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या अपघातात डोळे अधू झाले, शाळेचं शिक्षण थांबलं आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आला. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे गवई.

मिरजेतली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका समारंभाला गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावणं गेलं. विष्णुबुवांनाही गेलं, कारण त्यांच्यावर संस्थानिकांची मर्जी होती. त्यांच्या गुरूंना मात्र नाही. का, तर ते गवई! ज्याच्या गाण्यावर दरबार डोलतो, त्याला पंगतीत पाट नाही. हा अपमान विष्णुबुवांच्या मनात घर करून राहिला असं सांगतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

मग बडोदा, काठेवाड, उत्तर हिंदुस्थान असं फिरत ते थेट पंजाबात पोचले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संगीताची शाळा ही कल्पना अगदीच नवी नव्हती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली मौलाबक्ष यांची शाळा १८८६ पासून चालू होती. विष्णुबुवांच्या शाळेला मात्र कुणा एका राजाचा आधार नव्हता. लोकांच्या वर्गण्या आणि बुवांच्या मैफलींची कमाई यावर ती चालायची. ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, वेळापत्रक, स्वरलिपीत छापलेली पुस्तकं, परीक्षा आणि प्रमाणपत्र असा सगळा थाट. गाण्याला शाळेची शिस्त लावली की गवयाला मास्तराचा मान मिळेल, हा त्यामागचा सरळ विचार होता. शिकवणारे तयार व्हावेत म्हणून उपदेशक वर्गही काढला. त्यातले शिष्य पुढे गावोगावी गेले.

१९०८ मध्ये बुवांनी मुंबईत शाखा काढली. इमारतीसाठी कर्ज काढलं, ते फिटलं नाही. १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. १९३१ मध्ये मिरजेतच बुवा गेले. संस्था तिथेच संपायची, पण शिष्य खमके निघाले. त्याच वर्षी अहमदाबादेत जमून त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारपर्यंतच्या परीक्षा घेतं ते हेच अखिल भारतीय मंडळ. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढलं. तिकडे भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा करून छापल्या. त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण दोघांनीही गाणं घराण्याच्या कुलुपातून बाहेर काढलं.

या इतिहासाला दुसरी बाजू आहे, तीही सांगायला हवी. विष्णुबुवांच्या शाळेचं वातावरण भजन-प्रार्थनेचं होतं. ग्वाल्हेरची गायकी ज्या हद्दू-हस्सू खाँसारख्या उस्तादांकडून आली, त्यांच्या वारसांना या नव्या वर्गांत फारशी जागा मिळाली नाही, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. ती उडवून लावण्यासारखी नाही.

परीक्षेनं गवई तयार होतो का? नाही. तानसेन नाही तरी कानसेन घडवू, असं स्वतः बुवाच म्हणत असं सांगतात. पण परीक्षेचे फायदे मी बातमीदारीच्या वीस वर्षांत जवळून बघितलेत. ओळखदेख नसलेल्या परीक्षकासमोर बसून भूप गायचा, विचारलं तर आरोह-अवरोह सांगायचा, हातावर ताल धरायचा. आठवीतल्या पोराला यातून जी भीड चेपते ती भाषण स्पर्धेतही चेपत नाही. दरवर्षी एक पायरी चढायची सवय लागते. 'परीक्षा आहे' म्हटलं की मुलीला संध्याकाळी क्लासला पाठवायला घरचे तयार होतात. आणि विशारद झालेली एखादी गृहिणी चार मुलं शिकवून स्वतःचे पैसे कमावते. हे सगळं त्या प्रमाणपत्राच्या कागदानं केलंय.

आता खरा मुद्दा. माझ्या पाहण्यातल्या जिल्हा परिषदेच्या एकाही शाळेत संगीताचा शिक्षक नाही. कुठे पेटी असलीच तर ती कपाटात आणि भाता फाटलेला. म्हणजे सरकार गुण देतं अशा विषयाचे, जो सरकारी शाळेत शिकवलाच जात नाही! क्लासची फी, परीक्षेची फी, केंद्रापर्यंतचं एसटीचं भाडं ज्याला परवडतं, त्याच्याच गुणपत्रिकेत भर पडते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाच्या मुलाचा गळा कितीही गोड असो, त्याचा हिशेब शून्य. पूर्वी दार गुरूच्या मर्जीनं उघडायचं, आता फीच्या पावतीनं उघडतं. विष्णुबुवा यासाठी लाहोरपर्यंत गेले नव्हते.

गुण बंद करा, असं मी म्हणणार नाही. त्या निमित्तानं का होईना, पोरं तानपुऱ्याजवळ बसतात. पण गुण द्यायचे तर शिकायची सोयही द्या. प्रत्येक केंद्रशाळेला आठवड्यातून दोन दिवस येणारा एक संगीत शिक्षक मिळाला, तरी मोठा फरक पडेल. परीक्षा पास झालेली किती तरी माणसं आज गावोगावी रिकामी बसलीत. त्यांना मानधन द्या, ती येतील.

आणि पालकांना एकच सांगणं. दहावीचा निकाल लागल्यावर पेटी माळ्यावर टाकू नका. गुण एका वर्षाचे असतात, कान जन्मभराचा असतो.

तुमच्या गावच्या शाळेत संगीत शिक्षक आहे का? कॉमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. यादी करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे नेतो.