५७६ रेषांचा इतिहास

१/६ डीव्हीडीवरील चित्रण संगणकात उतरवताना प्रश्न पडतो: रेझोल्यूशन ४८० ठेवावे, ५७६ की १०८०? या आकड्यांचे मूळ दूरचित्रवाणीच्या इतिहासात आहे.

२/६ अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ. तेथे ५२५ रेषांचे चित्र रूढ झाले. युरोपात ५० हर्ट्झ आणि ६२५ रेषा. भारताने युरोपची वाट धरली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वर्षी पाल पद्धतीने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले.

३/६ त्याच वर्षी सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय संस्थेने दोन्ही पद्धतींसाठी दर रेषेत ७२० बिंदू ठरवले. १९९६ मध्ये अवतरलेल्या डीव्हीडीने तेच माप स्वीकारले: अमेरिकी पद्धतीत ७२०×४८०, पालमध्ये ७२०×५७६.

४/६ हे बिंदू चौरस नसतात. पालचे चित्र ४:३ पडद्यावर ७६८×५७६, तर १६:९ पडद्यावर १०२४×५७६ इतके पसरते. गुणोत्तराची ही नोंद रूपांतरात गळाली, की माणसे उगाच उंच व सडपातळ दिसू लागतात.

५/६ १०८० निवडल्याने नवा तपशील उमटत नाही, फाईल तेवढी फुगते. पाल तबकडीसाठी ४८० निवडल्यास मात्र ९६ रेषांइतका तपशील कायमचा जातो.

६/६ भारतात दोन्ही मापांच्या तबकड्या विकल्या गेल्या. म्हणून आधी मूळ माप तपासावे आणि तेच राखावे. एखाद्या लग्नाची वा नाट्यप्रयोगाची ती तबकडी पुष्कळदा एकमेव प्रत असते. लहान प्रती नंतर कितीही काढता येतात.